पुसलेलं गाणं शोधायचं असेल तर आधी प्रत कुणी केली ते शोधा

३ जानेवारी १९७३ ला लंडनमध्ये बीबीसीच्या स्टुडिओत ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी ‘द जीन जिनी’ गायला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या पॉप गाण्यांच्या साप्ताहिक कार्यक्रमात दाखवलं गेलं. नंतर बीबीसीकडची टेप पुसली गेली आणि ते गायन कायमचं हरवलं असं सगळे धरून चालले. पण त्या दिवशी स्टुडिओत जॉन हेनशॉल नावाचे कॅमेरामन होते. त्यांनी स्वतः तयार केलेली फिशआय लेन्स त्या गाण्यासाठी वापरली होती. आपलं काम पुढे कुणाला दाखवता यावं म्हणून त्यांनी गाण्याची एक प्रत दोन इंची टेपवर करून घेतली. ती त्यांच्याजवळ अडतीस वर्षं होती. जगात दुसरी प्रत नाही हे त्यांना बरंच उशिरा कळलं. डिसेंबर २०११ मध्ये ते गाणं पुन्हा पडद्यावर आलं.

टीव्हीवरची हरवलेली गाणी शोधण्याच्या नादाला नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मी आधी हीच हकिकत सांगते. नवी माणसं मूळ टेपेच्या मागे लागतात, बीबीसीला पत्रं लिहितात आणि ‘आमच्याकडे नाही’ असं उत्तर आलं की थांबतात. मूळ टेप बहुतेक वेळा खरोखरच नसते. आपण शोधायची ती कुणीतरी, काहीतरी वेगळ्याच कारणासाठी केलेली प्रत. त्यामुळे या कामात ‘टेप कुठे आहे?’ यापेक्षा ‘प्रत करायचं कारण कुणाकडे होतं?’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

टेपा का पुसल्या हे थोडक्यात माहीत असू द्या, कारण त्यावरूनच कुठे शोधायचं ते उमगतं. साठच्या दशकात दोन इंची व्हिडिओ टेप फार महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत असे. कलाकारांच्या आणि वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. १५ नोव्हेंबर १९६९ ला बीबीसी वन रंगीत झालं आणि जुन्या कृष्णधवल टेपांना किंमतच उरली नाही. घरी व्हिडिओ बघण्याची सोय नव्हती, मग मागच्या आठवड्यातलं गाणं जपायचं कुणासाठी? ‘टॉप ऑफ द पॉप्स’ १ जानेवारी १९६४ ला मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतून सुरू झालं. त्याच्या पहिल्या पाचशे भागांपैकी जेमतेम वीसेक भाग पूर्ण उरले आहेत. बीबीसीत रीतसर जतन सुरू झालं ते १९७८ च्या सुमारास.

पहिली पायरी: काय हरवलंय ते नेमकं लिहा

वहीत एक ओळ लिहायची: कोण, कोणतं गाणं, कोणता कार्यक्रम, कोणत्या तारखेला. ही ओळ पूर्ण होईपर्यंत कुणालाही विचारायला जायचं नाही. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचंच बघा. ‘सी एमिली प्ले’ हे गाणं घेऊन ते जुलै १९६७ मध्ये तीन वेळा ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर आले: ६, १३ आणि २७ तारखेला. ‘पिंक फ्लॉइडची हरवलेली टेप’ असं म्हटलं तर तिन्हींपैकी कोणती?

याच वेळी स्टुडिओतलं गायन आणि प्रोमो फिल्म यांत फरक करा. स्टुडिओतलं गायन एका टेपवर, एका इमारतीत असायचं. प्रोमो फिल्म म्हणजे कंपनीने किंवा बँडने स्वतः काढलेली छोटी फिल्म. कलाकाराला प्रत्येक देशात जाणं जमत नसे, म्हणून तिच्या प्रती निरनिराळ्या देशांतल्या केंद्रांना पाठवल्या जात. बीटल्सनी २३ नोव्हेंबर १९६५ ला ट्विकनहॅम स्टुडिओत एकाच दिवसात पाच गाण्यांच्या दहा फिल्म केल्या त्या याच कारणाने. पुढच्या मे महिन्यात मायकल लिंडसे-हॉग यांच्या दिग्दर्शनाखाली लंडनच्या चिझिक हाउसच्या बागेत आणखी चित्रण झालं. अशा फिल्मची एक प्रत लंडनला हरवली तरी दुसरी परदेशातल्या एखाद्या केंद्राच्या कपाटात असू शकते. म्हणून नव्या माणसाने प्रोमो फिल्मपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. यश लवकर मिळतं आणि हात बसतो.

सरावासाठी मराठी वाचकाला मी एक ओळ सुचवते. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला. क्वीन हा त्याचा बँड ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर पहिल्यांदा आला तो २१ फेब्रुवारी १९७४ ला, ‘सेव्हन सीज ऑफ राय’ घेऊन. बीबीसीची मूळ टेप उरलेली नाही. वहीत ओळ लिहा आणि पुढच्या पायऱ्या या ओळीवर करून बघा.

दुसरी पायरी: तारीख पक्की करा

बीबीसीचं ‘जीनोम’ नावाचं संकेतस्थळ आहे. त्यावर ‘रेडिओ टाइम्स’ साप्ताहिकातली १९२३ ते २००९ पर्यंतची कार्यक्रमपत्रिका फुकट बघता येते. कार्यक्रम त्या दिवशी होता का, किती वाजता, किती मिनिटांचा, हे तिथे कळतं. कोण गायलं ते मात्र बऱ्याचदा कळत नाही. साप्ताहिक आधी छापलं जायचं आणि कोणाला बोलवायचं ते लोकप्रिय गाण्यांची नवी यादी लागल्यावर ठरायचं.

गायकांची नावं मिळतात ती त्या काळच्या संगीत साप्ताहिकांत: ‘मेलडी मेकर’, ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’, ‘रेकॉर्ड मिरर’, ‘डिस्क’. यांचे कितीतरी जुने अंक स्कॅन होऊन नेटवर आले आहेत. त्या आठवड्याचा अंक बघा, पण त्याच्या पुढचाही बघा. आधीच्या अंकात ‘येणार आहे’ असं असतं, पुढच्यात आला की नाही ते.

कार्यक्रमाचे नियम हाही पुरावा आहे. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ यादीत खाली घसरणारं गाणं घेत नसे आणि पहिल्या क्रमांकाचं गाणं शेवटी लावत असे. गाणं कोणत्या आठवड्यात वर चढत होतं ते बघितलं की बऱ्याच तारखा आपोआप गळतात.

सगळ्यांत भक्कम कागद म्हणजे बीबीसीवरून प्रत्यक्षात काय प्रसारित झालं त्याचा दैनंदिन नोंदतक्ता. कलाकारांचे आणि हक्कांचे पैसे चुकते करायचे असल्यामुळे त्यात गाण्यांची आणि कलाकारांची नोंद असे. पैशाच्या हिशेबासाठी लिहिलेला कागद आठवणीपेक्षा कितीतरी खरा असतो. हे तक्ते बीबीसीच्या लिखित अभिलेखागारात आहेत. वर्षानुवर्षं ते रेडिंगजवळच्या कॅव्हरशॅमला होतं. या अभिलेखागाराला आधी वेळ घेऊन, कारण सांगून विचारावं लागतं. एकाच तारखेबद्दल नेमकं विचारा.

तिसरी पायरी: खरंच हरवलंय का?

ही पायरी गाळल्यामुळे माझे स्वतःचे दोन महिने गेले आहेत.

पुण्यातल्या एका ओळखीच्या घरी सुपर ८ ची, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याच्या फिल्मची, चार छोटी रिळं होती. घरातले काका सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरीला होते. एका रिळात लेकीचा वाढदिवस आहे: मेणबत्त्या, फुगे, पाहुण्यांच्या मांडीवरची बशी. कोपऱ्यात टीव्ही चालू आहे आणि त्यावर सात-आठ सेकंद मुली नाचताना दिसतात. टीव्हीच्या चित्रावरून एक काळा पट्टा सारखा खालून वर सरकतो, कारण कॅमेऱ्याचा वेग आणि टीव्हीचा वेग जुळत नाही. वाढदिवसाची तारीख काकूंना तोंडपाठ. त्या वर्षाचं कॅलेंडर काढलं तर गुरुवार. ‘टॉप ऑफ द पॉप्स’चा वार. नाचणाऱ्या मुली म्हणजे बहुधा ‘पॅन्स पीपल’. गायक स्टुडिओत येऊ शकत नसे तेव्हा गाण्यावर हा नृत्यसंच नाचायचा. मी आनंदाने वेडी झाले, गाणं ओळखण्यात आठवडे घालवले. शेवटी कळलं की तो भाग बीबीसीकडे पूर्ण, रंगीत, धडधाकट आहे. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्यासाठी टीव्हीच्या अलीकडे फुगा धरून उभी असलेली लेक महत्त्वाची होती, आणि त्यांचं बरोबरच होतं.

तेव्हा आधी यादी बघा. ब्रिटिश कार्यक्रमांसाठी ‘कॅलिडोस्कोप’ या संस्थेने काय उरलंय आणि काय नाही याच्या तपशीलवार याद्या केल्या आहेत. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट १९९३ पासून ‘मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड’ या नावाने सापडलेल्या गोष्टी लोकांना दाखवते. फ्रान्सचं इना आणि नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसमचं ‘बेल्ड एन घलाउड’ या टीव्ही-रेडिओ जतन करणाऱ्या संस्थांचे संग्रहही ऑनलाइन चाळता येतात. जर्मनीत रेडिओ ब्रेमेनचा ‘बीट-क्लब’ १९६५ ते १९७२ चालला आणि त्याचा बराच भाग टिकला. तुमचा बँड लंडनला पुसला गेला असेल आणि त्याच गाण्यासह ब्रेमेनला शाबूत असेल, असं होतं.

चौथी पायरी: प्रत करायचं कारण कुणाकडे होतं?

आता कामाचा गाभा. कागद घ्या आणि त्या दिवशी त्या गाण्याशी ज्याचा संबंध आला त्या प्रत्येकाचं नाव किंवा निदान हुद्दा लिहा. कॅमेरामन, दिग्दर्शक, संकलक, बँडचा व्यवस्थापक, रेकॉर्ड कंपनीचा प्रसिद्धी विभाग, नृत्यसंच, परदेशी विक्री बघणारा माणूस, घरी बसून बघणारा चाहता. प्रत्येकाच्या पुढे लिहा: याला प्रत कशाला हवी असेल?

हेनशॉल यांना आपल्या कामाचा नमुना हवा होता. परदेशी विक्रीसाठी टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून सोळा मिलिमीटरची फिल्म काढत, तिला टेलिरेकॉर्डिंग म्हणतात. जुनं ब्रिटिश टीव्ही आज दिसतं त्यातला मोठा भाग या कृष्णधवल फिल्मींमुळे. म्हणून ज्या देशांनी बीबीसीचे कार्यक्रम विकत घेतले तिथली केंद्रं आणि तिथले जुने कर्मचारी यादीत हवेतच.

दुसऱ्या कार्यक्रमात घुसलेला तुकडा हा माझा सर्वांत आवडता प्रकार. बीटल्सनी ‘तिकीट टू राइड’ एप्रिल १९६५ मध्ये ‘टॉप ऑफ द पॉप्स’साठी आधीच चित्रित करून दिलं. तो भाग गेला. पण २२ मे १९६५ ला ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथेच्या एका भागात पात्रं भूतकाळ दाखवणाऱ्या यंत्रावर बीटल्सना बघतात, आणि यंत्राच्या पडद्यावर जे दिसतं तो त्याच हरवलेल्या भागाचा तुकडा आहे. ‘डॉक्टर हू’चा भाग टिकला, म्हणून गाण्याचे ते क्षणही टिकले. अमेरिकेत निघालेल्या डीव्हीडीत हा तुकडा हक्कांमुळे काढला होता. म्हणजे एकाच कार्यक्रमाच्या दोन आवृत्त्या समोर असतील तर दोन्ही बघा. माहितीपट, बातमीपत्रं, वर्षअखेरचे आढावे, विनोदी कार्यक्रम, कुणालाही चार सेकंद पॉप गाणं लागायचं.

मग चाहते. बीटल्स ‘टॉप ऑफ द पॉप्स’च्या स्टुडिओत प्रत्यक्ष आले ते एकदाच, १६ जून १९६६ ला. ती टेपही उरली नाही. २०१९ मध्ये मेक्सिकोतल्या एका संग्राहकाकडे अकरा सेकंदांची मुकी फिल्म निघाली. ती बातमी पसरल्यावर लिव्हरपूलच्या एका कुटुंबाने सांगितलं की आमच्याकडे याहून लांब फिल्म आहे. घरच्या टीव्हीसमोर चावीचा आठ मिलिमीटर कॅमेरा धरून त्यांनी जवळजवळ दीड मिनिट टिपलं होतं. एक शोध जाहीर झाला की दुसरा बाहेर येतो, म्हणून छोट्यातला छोटा तुकडासुद्धा जाहीर करण्यासारखा असतो.

श्रीमंत चाहत्यांकडे खरोखरचे व्हिडिओ रेकॉर्डरही होते. सोनीचं घरगुती यंत्र १९६५ ला आलं. विनोदवीर बॉब मंकहाउस यांनी १९६६ पासून टीव्ही रेकॉर्ड केलं. २००३ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या संग्रहात हजारो टेपा निघाल्या आणि त्यांत दुसरीकडे कुठेच नसलेल्या गोष्टी होत्या. पिंक फ्लॉइडच्या त्या जुलैतल्या हजेरीचं जे मिळालं तेही घरगुती रेकॉर्डिंगच. टेप फार खराब झाली होती, तरी जानेवारी २०१० मध्ये ती लंडनला लोकांना दाखवता आली.

नुसत्या आवाजाकडे दुर्लक्ष करू नका. टीव्हीसमोर माइक धरून केलेल्या टेपेत मागे आईची हाक, कुत्र्याचं भुंकणं असतं, आणि गाणंही असतं. १९६६ नंतर वादकांच्या संघटनेच्या आग्रहामुळे तबकडी लावून नुसते ओठ हलवण्यावर बंधन आलं, तेव्हा गायक खास बनवलेल्या साथीवर स्टुडिओत गाऊ लागले. म्हणून तो आवाज तबकडीहून वेगळा असतो. पुढे कधी मुकं चित्र सापडलं तर त्याला जोडायला हाच आवाज कामी येतो.

आपल्याकडे काय करता येईल? साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनला गेलेली मराठी कुटुंबं थोडी नाहीत. कॅमेरा, टेपरेकॉर्डर या त्यांच्या हौसेच्या वस्तू होत्या. घरातल्या कुणाची रिळं पेटीत असतील तर टीव्हीचा कोपरा आलाय का ते बघा. मुंबईच्या चोरबाजारातही जुनी रिळं दिसतात, पण तिथे वर लिहिलेल्या नावावर भरवसा ठेवून पैसे देऊ नका.

पाचवी पायरी: माणसाशी बोलणं

संग्राहक घाबरलेले असतात आणि त्याला कारण आहे. मंकहाउस यांच्यावर त्यांच्या फिल्मसंग्रहावरून खटला झाला होता. १९७९ मध्ये ते निर्दोष सुटले, पण तोवर त्यांच्या आयुष्यातली दोन वर्षं त्यात गेली. तो धसका जुन्या पिढीत अजून आहे. म्हणून पहिल्याच पत्रात ‘तुमच्याकडे काय काय आहे?’ असं विचारू नका. आपण कोण, कोणती एक तारीख शोधतोय, ते लिहा. नाव गुप्त ठेवू असं सांगा आणि ठेवा. वस्तू मागू नका, प्रत करू द्याल का असं विचारा. उत्तर यायला वर्ष लागलं तरी दर महिन्याला आठवण करू नका.

ज्येष्ठ माणसांशी बोलताना तारखा विचारून उपयोग नसतो. ‘तेव्हा तुम्ही कुठे राहत होता?’, ‘टीव्ही कुठे ठेवला होता?’ इथून सुरू केलं की ट्रंक आपोआप आठवते.

सहावी पायरी: रीळ हातात आलं

चालवू नका. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं.

कुणाच्या मामांनी लंडनहून आणलेली, टीव्हीवरून भरलेली व्हीएचएस कॅसेट मी एका दुकानात डिजिटल करायला दिली होती. काचेच्या खिडकीतून टेपेच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती. आपल्या पावसाळ्याची देणगी. दुकानदाराने ती तशीच यंत्रात घातली. पहिली दोन मिनिटं पडद्यावर ओरखडे आणि मुंग्या, मग टेप अडकून चुरगळली. चूक माझी धरली तरी चालेल, मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा: आधी साफ करता का? खराब झालेल्या टेपा हाताळल्यात का? दोन्ही प्रश्नांना ‘होय’ असं उत्तर नसेल तर कॅसेट परत घ्या.

पट्टीने रुंदी मोजा. दोन इंच म्हणजे केंद्रातली टेप, परातीएवढं आणि उचलायला जड रीळ. अर्धा इंच आणि उघडं रीळ म्हणजे घरगुती किंवा शाळा-कॉलेजातलं यंत्र. पाऊण इंची कॅसेट म्हणजे यू-मॅटिक, १९७१ नंतरची. फिलिप्सची चौकोनी, जाडजूड कॅसेट दिसली तर ती १९७२ नंतरची. व्हीएचएस १९७६ नंतरची. बाहेरचा डबा मात्र बदललेला असू शकतो. लेबलाचे फोटो काढा, पुसू नका, सोलू नका.

फिल्म असेल तर नाकाजवळ न्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती कुजायला लागली आहे. ती आक्रसलेली असते आणि प्रोजेक्टरचे दात तिची भोकं फाडतात. अशी फिल्म इतर रिळांपासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, हवाबंद प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. कोडॅक फिल्मच्या कडेला भिंगातून वर्तुळ, त्रिकोण, चौकोन अशा खुणा दिसतात, त्यांवरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. त्याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून चित्रातले कपडेही बघा. सल्ला हवा असेल तर पुण्याचा राष्ट्रीय चित्रपट संग्रह आणि मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन या दोन जागा आपल्याला जवळ आहेत.

एक फसवी गोष्ट. अमेरिकेत १९४० नंतर ‘साउंडीज’ नावाच्या तीन मिनिटांच्या गाण्याच्या फिल्म हॉटेलांतल्या नाणं टाकायच्या यंत्रात दाखवत. त्या यंत्रात चित्र आरशांतून पडद्यावर जायचं, म्हणून फिल्मच्या प्रती उलट छापलेल्या असत. अशा रिळात ड्रमवरचं नाव उलटं दिसेल आणि सगळे वादक डावखुरे वाटतील. ती खराब प्रत नव्हे, उलट ती त्या यंत्रासाठीचीच असल्याचा पुरावा आहे.

सातवी पायरी: सांगायचं कुणाला

ब्रिटिश टीव्हीचं काही असेल तर कॅलिडोस्कोप किंवा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटला लिहा. बीबीसीनेही २००१ मध्ये ‘ट्रेझर हंट’ नावाने लोकांना जुनी रेकॉर्डिंग्ज घेऊन येण्याचं आवाहन केलं होतं. प्रत झाल्यावर मूळ रीळ परत मिळेल का, तुम्हाला बघायला प्रत मिळेल का, नाव छापायचं की नाही, हे आधी लेखी ठरवा. रीळ तुमचं असलं तरी गाण्याचे आणि चित्राचे हक्क तुमचे होत नाहीत, म्हणून सगळं गाणं नेटवर टाकायची घाई करू नका.

पत्रासोबत एक पान जोडा: रीळ कुणाकडून आलं, कोणत्या गावातून, कोणत्या पेटीतून, सोबत आणखी काय होतं, तुम्ही ते केव्हा उघडलं. डब्यातली चिठ्ठी, बिल, पोस्टाचा शिक्का यांचे फोटोही लावा. क्वीनच्या त्या फेब्रुवारीतल्या गुरुवारचं काही कधी तुमच्यासमोर आलं, अगदी टीव्हीच्या कोपऱ्यातले तीन सेकंद असले तरी, हे पान त्याच संध्याकाळी लिहून ठेवा.